चौतीस वर्षं उशिरा आलेली रेकॉर्ड

जवळा बाजार गावात वरात निघाली की पुढे बेंजो पार्टी हवीच. विजेवर वाजणारी तार आणि जोडीला आपला ठेका, हे मिश्रण आपल्या कानांना चांगलं सरावाचं आहे. म्हणून आजचा विषय जॅझ गिटारचा असला तरी बिचकू नका. ठरलेली धून धरून तिथल्या तिथे सुचेल तसा विस्तार करायचा, म्हणजे जॅझ. मैफलीत बसलेल्या माणसाला हे नवं सांगायला नको.

अमान्सिओ डिसिल्वा हे गोव्याच्या कुटुंबातले, जन्म मुंबईचा, १९३६चा. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्यांना गिब्सन गिटार घेऊन दिली. १९६७ साली ते लंडनला गेले. तिथे डेनिस प्रेस्टन या निर्मात्याने १९६९मध्ये त्यांच्या दोन रेकॉर्डी काढल्या, 'इंटिग्रेशन' आणि 'हम दोनो'. सिनेमातला देव आनंद आठवला असेल तर जरा बाजूला ठेवा; इथले दोघं म्हणजे डिसिल्वा आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. 'हम दोनो'त गायिका नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय, नुसत्या सुरांनी गाते आणि सॅक्सोफोनला जाऊन मिळते. 'बॅलड फॉर गोवा' नावाची एक रचनाही तीत आहे. रेकॉर्ड तेव्हा मोजक्यांच्याच हाती पडली. नंतर जुन्या प्रतींना संग्राहक भारी किंमत मोजू लागले. त्याचा वादकांना काय उपयोग?

खरी चुटपूट लावते ती १९७२ची 'कोकण डान्स'. क्लेम अल्फर्डची सतार, डॉन रेंडेलची बासरी आणि सॅक्सोफोन, आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. त्या काळात पाश्चात्त्य रेकॉर्डींत तबला बरेचदा फोडणीपुरताच असायचा. इथे तसं नाही. गिटार थांबते, साठ्यांना जागा देते, मग त्यांच्याच चालीने पुढे जाते. माझ्या मते डिसिल्वांचं मोठेपण या थांबण्यात आहे. एवढं सगळं वाजवून झालं, ध्वनिमुद्रणही झालं, आणि रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. १९९६ साली डिसिल्वा गेले. 'कोकण डान्स' निघाली २००६मध्ये. तोवर फ्यूजन घरोघरी पोचलं होतं आणि जाणकारांनी तिचं कौतुकही केलं.

ऐकायचं तर आधी 'हम दोनो' घ्या, 'कोकण डान्स' त्यानंतर. आणि मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर नको. तबल्याचा डग्गा त्यात पार हरवतो.