मापाडी कोणाचा?

(गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेतील व्याख्यान)



आज आम्ही तेलाविषयी बोलणार आहोत. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाविषयी नव्हे. त्यातले आमच्यापेक्षा इथे बसलेल्या तेली मंडळींस अधिक कळते. भूमीच्या पोटातून निघणारे जे तेल, ज्यावर आपले ट्रॅक्टर आणि फटफट्या चालतात, ते ज्यांच्या रानाखाली सापडले त्यांच्या हातून ते कसे गेले, ही हकीकत सांगावयाची आहे. हकीकत परमुलखातली आहे खरी. परंतु तिच्यात आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांचे रक्त सांडले आहे, आणि तिच्यातला डाव तर आपल्या बापजाद्यांनी खळ्यावर बसून पाहिलेला आहे. म्हणून थोडा वेळ ऐकून घ्यावे.

आंबा घाट उतरून जे कोणी रत्नागिरीस गेले असतील त्यांनी थिबा राजाचा वाडा पाहिला असेल. हा थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्यास धरले, 1886 साली रत्नागिरीस आणून ठेवले, आणि तेथेच 1916 साली तो वारला. लढाईचे निमित्त काय झाले? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून गोऱ्या व्यापाऱ्यांची एक कंपनी 1863 साली आपल्या मुंबईत निघाली होती. ती थिबाच्या रानातले सागवान तोडीत असे. दरबाराचे म्हणणे पडले की, कंपनीने ओंडके नेले फार आणि मोजून दाखविले थोडे. दरबाराने कंपनीस सुमारे 23 लाख रुपये दंड ठोकला. फ्रेंचांशी राजाची सलगी वाढत होती हेही इंग्रजांच्या मनात सलत होतेच. पण बोट दाखवावयास हा दंड पुरला. ओंडक्यांच्या मोजणीचा तंटा मिटविण्यासाठी कोणी पंच नेमला नाही, मोजणी मागणाऱ्याचे राज्यच खालसा केले!

आता त्या राज्यात तेल होते. इरावती नदीच्या काठी येनांजाऊँ नावाचा गाव आहे. त्या नावाचा अर्थच वासाच्या पाण्याचा ओढा. तेथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे हाताने विहिरी खणून तेल काढीत. विहिरीत माणूस दोराने उतरे, आतल्या वायूमुळे फार थोडा वेळ टिके, आणि वरची माणसे दोर ओढीत उतारावरून चालत जाऊन त्यास बाहेर काढीत. आपल्याकडे मोटेचा नाडा ओढीत बैल धावेवरून उतरत त्याची आठवण व्हावी. या विहिरींचे वतन 24 घराण्यांकडे होते. त्यांस त्विन्झा म्हणत. मिंडोन राजाने तेल खरेदीचा मक्ता स्वतःकडे घेतला, तरी विहीर खणण्याचा हक्क त्या घराण्यांचाच राहिला.

इंग्रज आले, 1886 साली स्कॉटलंडात बर्मा ऑईल कंपनी उभी राहिली, आणि बोलणी सुरू झाली. इंग्रज सरकारने वतनदारांचा हक्क मान्य केला, हे सांगितले पाहिजे. कोणावर खोटा आळ नको. पण मान्य केला तो कसा? ट्विंगोन आणि बेमे असे दोन तुकडे त्यांच्यासाठी राखून ठेवले, आणि भोवतालची जमीन कंपनीस पट्ट्याने देऊन टाकली. कंपनीने यंत्राचे गिरमिट आणले. हाताने खणणाऱ्याची विहीर जेथे थांबे तेथून पुढे कंपनीचे गिरमिट जाई. राखीव तुकड्यांतील जागाही मग एकेक करून कंपन्यांनी विकत घेतल्या, पट्ट्याने घेतल्या. हक्क कागदावर शाबूत होता आणि तेल दुसऱ्याच्या नळातून चालले होते.

ते तेल आपल्या घरात आले, घासलेट होऊन. त्याआधी आपल्या घरात पणतीला करडईचे, कारळ्याचे नाही तर एरंडेल असे आणि ते गावच्या घाण्यावर निघे. घासलेटाची चिमणी आली तसा तेल्याच्या घाण्याला मिळणारा दिव्याचा धंदा आटत गेला. उजेड जास्त पडला हे खरेच. आम्ही स्वतः त्या चिमणीखाली अभ्यास केला, उपकार नाकारीत नाही. पण बर्मा शेलच्या रिकाम्या डब्यातून पाणी वाहताना तेली दादांस हे कोणी सांगितले नाही की, ब्रह्मदेशातल्या वतनदाराच्या विहिरीवर आणि आपल्या घाण्यावर संक्रांत आली ती एकाच घराकडून.

त्याच बर्मा ऑईल कंपनीच्या पैशाने पुढे इराणात विहीर खणली गेली. त्या इराणच्या कागदाकडे आता वळू, कारण खरा धडा तेथे आहे.

28 मे 1901 रोजी इराणच्या मुजफ्फरुद्दीन शहाने एका कागदावर मोहोर उठविली. घेणारा विल्यम नॉक्स डार्सी, ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणीत गबर झालेला इंग्रज. हा गृहस्थ इराणात कधी गेलाच नाही. त्याच्या मुनिमाने तेहरानात बसून काम उरकले. रशियाच्या सरहद्दीकडील 5 प्रांत वगळून जवळजवळ साऱ्या देशातील तेल शोधण्याचा, काढण्याचा, नेण्याचा, विकण्याचा हक्क 60 वर्षांसाठी त्यास मिळाला. मोबदला काय? 20 हजार पौंड रोख, म्हणजे त्या वेळचे 3 लाख रुपये. 20 हजार पौंडांचे भाग. आणि दरसाल निव्वळ नफ्याचे 16 टक्के.

शहा 1907 साली वारला. मशिदे-सुलेमान येथे तेल लागले ते 26 मे 1908 रोजी. ज्याने मोहोर उठविली त्याने थेंबही पाहिला नाही; कागद मात्र त्याच्या मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात 1961 पर्यंत.

आता ‘निव्वळ नफा’ हा शब्द नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे अर्धेलीने जमीन करणारा कुळवाडी खळ्यावर बसे. रास पडली की मालक आधी बियाणे वजा करी, वैरण वजा करी, गेल्या सालची बाकी वजा करी, आणि उरलेल्याची वाटणी होई. वजा काय झाले हे कुलकर्ण्याच्या वहीत, आणि वही आपल्यास वाचता येत नसे. इराणचे तसेच झाले. 1909 साली अँग्लो-पर्शियन ऑईल कंपनी निघाली. तिने जहाजांची निराळी कंपनी काढली, विक्रीच्या निराळ्या काढल्या, आणि म्हणाली की त्यांचा नफा तो आमचा नफा नव्हे. 1914 साली चर्चिल साहेबांनी इंग्लंडच्या सरकारचे सुमारे 22 लाख पौंड घालून कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले आणि आरमारासाठी स्वस्त दराने तेल बांधून घेतले. तेल स्वस्त गेले की नफा कमी, नफा कमी की शहाचे 16 टक्के कमी. घेणाराही तोच, विकणाराही तोच, आणि हिशेब लिहिणाराही तोच. 1920 साली इराणने मॅक्लिंटॉक नावाच्या हिशेबनिसाकडून वह्या तपासून घेतल्या. बरेच पैसे दाबून ठेवलेले निघाले आणि 10 लाख पौंडांवर तडजोड झाली. तपासणारा बसला तेव्हाच पैसे निघाले, हे विसरू नये.

आणि हे तेल राखावयास कोण गेले? 1914 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची पहिली तुकडी इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी फाव येथे उतरली. आबादानचा तेलाचा कारखाना आणि तेथवर आलेला सुमारे 140 मैलांचा नळ राखणे हे त्या स्वारीचे एक मुख्य कारण होते. त्या तुकडीत 117 वी मराठा पलटण होती. मागाहून 103 वी आणि 110 वी आली. पोरे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुण्याकडची. तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुकेही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. पगार महिना 11 रुपये. या तिन्ही पलटणी पुढे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. 147 दिवस उपाशी झुंजून 29 एप्रिल 1916 रोजी ती फौज तुर्कांच्या हाती गेली, आणि कैद्यांपैकी कित्येक वाळवंटात चालता चालता मेले. 117 व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. पदवीचे आम्हांस वावडे नाही. मर्दुमकी खरीच होती. साताऱ्याजवळ अपशिंग्यास जाऊन पाहा, त्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले त्याचा दगड आहे. पण कोणत्या कागदाच्या राखणीस आपण चाललो आहोत, आणि त्या कागदात इराणच्या कुणब्यास काय मिळते, हे त्या 11 रुपयांच्या शिपायास कोणी वाचून दाखविले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1930 साली इराणास सुमारे 13 लाख पौंड वाटा आला, आणि 1931 साली एकदम 3 लाखांवर घसरला. रेझा शहाने 1932 च्या नोव्हेंबरात संतापून करार रद्द केला. पाच महिन्यांत नवा करार झाला. आता नफ्याची भानगड थोडी बाजूला सारून दर टनास 4 शिलिंग ठरले, म्हणजे मोजून देणे. ही सुधारणा खरी. परंतु त्याबरोबर कंपनीने मुदत 1961 ची 1993 करून घेतली. रागाच्या भरात कागद फाडणारा शांतपणे बसून दुसरा कागद वाचीत नाही, असा आमचा अनुभव आहे. अखेर 1951 साली मोसद्दिक यांच्या चळवळीने तेल राष्ट्राचे केले, आणि 1953 साली इंग्रज-अमेरिकनांनी आतून मदत करून त्यांस पदच्युत केले.

आता इकडे या. तुम्ही म्हणाल, मास्तर, आमच्या रानात कुठे तेल आहे? तेल नाही, पण वारा आहे आणि ऊन आहे. वांकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर, तिकडे ढालगावाकडे, पवनचक्क्या फिरताना तुम्ही पाहता. आता उन्हाची पाळी आली आहे. 2023 साली सरकारने सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सालीना 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि दरसाल 3 टक्के वाढ असे जाहीर केले. माळरानाला हा दर वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. हा खंड आहे, वाटा नव्हे. खंडात निदान ‘निव्वळ’ हा शब्द येत नाही. परंतु सरकारी योजनेखेरीज खाजगी दलालही फिरत आहेत आणि त्यांच्या कागदात काय आहे हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे आहे. 3 टक्के वाढ मूळ आकड्यावर की गेल्या सालच्या आकड्यावर? 30 वर्षांत या एका शब्दाने मोठा फरक पडतो. पट्टा संपल्यावर काँक्रीटचे खांब कोण उपटणार? कंपनीने पट्टा दुसऱ्यास विकला तर भाडे कोणाकडे मागावयाचे? भावाभावांत वाटणी व्हावयाची असेल तर सही एकट्या थोरल्याची चालेल काय? बहिणीची सही घेतली आहे काय?

एक कडू गोष्ट बोलून टाकतो. पूर्वी वही कुलकर्ण्याच्या हातात होती म्हणून आपण ओरडत होतो आणि ते ओरडणे रास्त होते. आज कारखान्याच्या उसाच्या काट्यावर कोण बसला आहे? आपलाच माणूस, आपल्याच जातीचा, आपल्याच मतांनी निवडलेला. तरीही गाडी खाजगी काट्यावर आधी तोलून न्यावी असे आपल्यास का वाटते, याचा ज्याने त्याने विचार करावा. वही वाचणारा आपल्यातला झाला म्हणजे वही खरी झाली असे नव्हे. मापाडी आपला असला तरी माप आपल्यापुढे झाले पाहिजे.

ज्यांच्या घरी असा जमिनीचा कागद आला असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी शाळेत घेऊन यावे. इंग्रजीत असेल तर तोही आणावा. आम्ही ओळ ओळ वाचून मराठीत सांगू. आमच्याने न उलगडेल ते घेऊन चार जण मिळून तालुक्यास वकिलाकडे जाऊ. गाडीभाडे वर्गणीतून निघेल. तोवर कोणी सही किंवा अंगठा देऊ नये.