खाशाबांचा मान



कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव.
१९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं.
स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी
आपलं घर गहाण ठेवलं होतं.
घर, श्रोतेहो!

खाशाबा परतले.
गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मिरवणूक काढली.
गावानं मान लगेच दिला.
देशानं उशीर केला.

१९८४ साली खाशाबा अपघातात गेले.
अर्जुन पुरस्कार आला, तो मरणोत्तर.
पद्म पुरस्कार हयातीत मिळालाच नाही.

विजेत्याला राष्ट्रीय सन्मान द्यावा का?
जरूर द्यावा.
पण तो स्वीकारायला माणूस असताना द्यावा.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस.
आता तोच आपला राज्य क्रीडा दिन.
त्या दिवशी घरातल्या मुलांना
खाशाबांची गोष्ट जरूर सांगा.