दोन दिवस आणि एक कादंबरी
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्यापाशी नाही. पण मागे मी दोन दिवस एका जागी बसून एक कादंबरी वाचून काढली. ती हकीकत सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले.

बाई पुस्तक घेऊन बसली की कुणीतरी विचारतेच, "काय गं, कामं आटोपली वाटतं?" कुणी नाही विचारले तर आपले आपल्यालाच वाटते. मीही लग्न होऊन साताऱ्याला आल्यापासून जे वाचले ते निम्मे लक्ष कुकरच्या शिट्टीकडे ठेवून. एकही पुस्तक शेवटास गेले नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वन्सं येऊन राहिल्यात, घर त्या बघतील. आपण भिलारला जाऊ." पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये हे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झाले. विलायतेत वेल्स प्रांतात हे-ऑन-वे म्हणून पुस्तकांच्या दुकानांचे गाव आहे, त्यावरून ही कल्पना निघाली. पण भिलारला दुकाने नाहीत. गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या. सुरुवातीला अशी पंचवीस ठिकाणे होती आणि सुमारे पंधरा हजार पुस्तके. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी संतसाहित्य. कोणीही यावे, फुकट वाचावे. पुस्तक मात्र घरी न्यायचे नाही.

कादंबऱ्यांच्या घरी मी सर्वांत बारीक पुस्तक उचलले, कारण माझे वाचन सावकाश. ते निघाले व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी', १९५५ साली पुस्तकरूपाने आलेले. माडगूळकर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले, माडगुळ्याचे. तो मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. माझे आजोळही त्याच बाजूचे. म्हणून पुस्तक खाली ठेवले नाही.

पहिला तासभर चित्त थाऱ्यावर नव्हते. दूध तापवले असेल का, वन्संना डबे सापडले असतील का, हेच डोक्यात. घरच्या बाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या न बोलता निघून गेल्या. मग हळूहळू मी धनगरांच्या वाडीत गेले. एक तरुण मास्तर तिथे शाळा चालवायला येतो. शाळेत पोरे नाहीत, ती मेंढरांमागे. पुढे एक धनगर आहे, त्याच्यापाशी एकच बैल. दुसरा मिळेना, तेव्हा बैलाच्या जोडीला त्याची बायको जू खांद्यावर घेते. तिथे मी थांबले. तेच पान पुन्हा वाचले. रविवारी दुपारी शेवट आला. पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वाडी सोडतात.

माझ्या आईच्या घरचे १९७२ च्या दुष्काळात असेच निघाले होते. आई तेव्हा दहाबारा वर्षांची. खडीच्या कामावर पाट्या वाहिल्या आणि सुकडी खाल्ली, एवढेच ती सांगे. पुढे ती माणसे परत का गेली नाहीत, हे मी कधी विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे, हेच मला ठाऊक नव्हते.

पुढच्या महिन्यात सांगलीला माहेरी गेले. भावाने वाचनालयातून तेच पुस्तक आणून दिले. आईला लिहितावाचता येत नाही. मी तीन दुपारी तिला वाचून दाखवले. ती शेंगा फोडीत ऐकत होती. जुवाच्या जागी तिचे हात थांबले. म्हणाली, "हे त्या मास्तराला कुणी सांगितलं?" तिच्या चुलतीनेही असेच जू ओढले होते, हे मला त्या दिवशी समजले. शेवटी म्हणाली, "निघताना आम्ही दाराला नुसती कडी लावली होती. चार दिवसांत येऊ म्हणून." बेचाळीस वर्षांची मी, पण आईची ही गोष्ट मला आजवर माहीत नव्हती.

भगिनींनो, काशीबाई कानिटकर आपल्या आष्ट्याच्या, जन्म १८६१ चा. नवव्या वर्षी लग्न झाले, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पुढे त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्या काळी बाईच्या हातात पुस्तक दिसले की टोमणे ऐकावे लागत. आपल्याला तसे कुणी अडवीत नाही. आपणच कामाच्या यादीत वाचनाला शेवटी घालतो, आणि ती यादी कधी संपत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक दुपार मंडळात भजनासारखी वाचनाची ठेवावी. ज्यांना येते त्यांनी वाचावे, ज्यांना येत नाही त्यांनी ऐकावे. घरच्या म्हाताऱ्या बायकांना आवर्जून आणावे. पुस्तक ऐकून त्या काय सांगतील, ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसेल.

पहिल्या दुपारी मी वाचीन. सावकाश वाचीन, तेवढे सांभाळून घ्यावे.