डोंगरावर चढवायचे लोखंड

शरीर कमावण्याची इच्छा मनात उद्भवताच साहित्याची यादी करावयास बसावे आणि यादी पुरी होईतो मूळ इच्छाच ओसरून जावी, हा प्रकार आपल्याकडे अपूर्व नव्हे. परंतु माथेरानच्या रहिवाशाला या हव्यासावर एक बंदोबस्त आयताच लाभला आहे. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना मज्जाव असल्याने, घरी न्यावयाच्या जड वस्तूसाठी घोडा वा हमाल पाहणे आले, आणि हमाली स्वतःच्या खिशातून देणारा गृहस्थ खरेदीपूर्वी चार वेळा विचार करतोच.

तेव्हा कप्प्या-तारांचे अवजड यंत्र यादीतून प्रथम खोडावे. नवशिक्याला एक रॉड, मोजक्या प्लेटा आणि दोन लॉक एवढा जामानिमा पुरे. स्पर्धेतील पुरुषांचा रॉड 20 किलोचा व 2.20 मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट लांबीचा असतो. स्त्रियांचा 15 किलोचा, थोडा आखूड व पकडीला 25 मिलिमीटर जाडीचा. लहान चणीच्या पुरुषाने हा दुसरा घेतला तरी त्यात कमीपणा कसला? विकत घेण्यापूर्वी मात्र रॉड दुकानाच्या सपाट फरशीवर घरंगळत सोडावा; मधला भाग वरखाली होताना दिसला तर तो वाकलेला आहे हे निश्चित, मग दुकानदार कितीही शपथा घेवो. वर नेताना तो घोड्यावर आडवा घालू नये. लाल मातीच्या वाटेवर समोरून येणाऱ्या पर्यटकांचे रक्षण व्हावे, एवढ्यासाठी तरी तो दोघांच्या खांद्यावरून जावा.

स्पर्धेतील मोठ्या प्लेटेचा व्यास 450 मिलिमीटर असल्यामुळे रॉडचा मध्य जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर राहतो. लहान प्लेटा लावल्या की तो खाली जातो आणि उचलणाऱ्याची पाठ नको तितकी वाकते. अशा वेळी प्लेटांखाली जाड फळ्या ठेवाव्यात. पुष्कळजण हौसेने 20 किलोच्या प्लेटा घेतात आणि सव्वा किलोची जोडी विसरतात, हे मला मुळीच पसंत नाही, कारण वजन वाढवावयाचे ते अशाच बारीक पायरीने. एकेका किलोचे मोल किती, ते पाहा: सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक 249 किलोंना गेले.

पावसाळ्यात येथे धुके दारातून घरात शिरते आणि लोखंडाला तांब चढण्यास विलंब लागत नाही. रॉडच्या खरखरीत पकडीतील घाम व धूळ ब्रशने काढावी, वर तेलाचा पुसट हात फिरवावा, आणि उचलण्यापूर्वी तो कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. कमरेच्या पट्ट्याची खरेदी खुशाल तहकूब ठेवावी. बूट मात्र कठीण, सपाट तळाचे हवेत, धावण्याचे गुबगुबीत बूट येथे कामाचे नाहीत.