सपाट पडद्याचे हेडफोन



रात्रीं दहानंतर आमच्या घरांत गाणें लावतां येत नाहीं. माझ्या पत्नीस झोप कमी. एकदां मोडली म्हणजे पहांटेपर्यंत पुन्हां लागत नाहीं, आणि आमची जागा दोन खोल्यांची. मला तर गाणें ऐकण्याची वेळ तीच. शाळेंत असतांना सारा दिवस मुलांच्या कलकलाटांत जाई, तेव्हांपासूनची ही संवय. म्हणून निवृत्त झाल्यावर मीं हेडफोन घेतला. आणि मास्तराचा स्वभाव असा कीं, घेतलेली वस्तु चालते कशी हें उलगडून पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. गेल्या तीन वर्षांत मीं जें पाहिलें, मोडलें आणि जोडलें त्याची हकीकत आज आपणांस सांगणार आहें. ज्यांस बाजारांत प्लेनर मॅग्नेटिक म्हणतात असे सपाट पडद्याचे, आणि त्यांतहि बेताच्या किंमतीचे हेडफोन, हा माझा विषय.

आपणांपैकीं ज्यांनीं शाळेंत पदार्थविज्ञान घेतलें असेल त्यांना डाव्या हाताचा नियम आठवत असेल. नालाकृति चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तार लोंबती ठेवून तिच्यांतून वीज सोडली कीं तार एका बाजूस उडी घेते. विजेची दिशा उलटली कीं दुसऱ्या बाजूस. हा प्रयोग मीं दरसाल केला, आणि तार उडाली कीं दरसाल वर्ग हंसे. बहुतेक हेडफोन याच उडीवर चालतात. साध्या हेडफोनमध्यें तारेचें एक लहानसें वेटोळें पडद्याच्या मधल्या भागास चिकटविलेलें असतें. तें हलतें आणि पडद्यास हलवितें. चादर मध्यें धरून झटकली तर कडा मागाहून हलतात, तसाच कांहीं प्रकार उंच स्वरांच्या वेळीं या पडद्यांत होतो. सपाट जातींत वेटोळेंच नाहीं. केसाहूनहि कितीतरी पातळ अशा पडद्यावर धातूची वाट नागमोडी उमटविलेली असते, आणि पडद्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंस चुंबकाच्या पट्ट्या ओळीनें बसविलेल्या असतात. वीज जवळजवळ साऱ्या पडद्याभर फिरते, म्हणून रेटाहि साऱ्या पडद्यास एकाच वेळीं मिळतो. चादरीखालीं जागोजाग हात लावून ती उचलावी, तसें.

ही कल्पना नवी नव्हे. जपानच्या यामाहा कंपनीनें १९७६ सालीं या तत्त्वावरचा एचपी-१ नांवाचा हेडफोन काढला होता. त्याच्या बांधणीची आंखणी इटलीच्या मारिओ बेलिनी यांनीं केली होती. पुढें ही जात मागें पडली. नियोडिमियमचे हलके आणि जबर चुंबक आल्यावर तिला पुन्हां बरे दिवस आले, आणि २००९ च्या सुमारास अमेरिकेंत ऑडीझी व चीनमध्यें हायफायमॅन यांनीं तिचें पुनरुज्जीवन केलें. तेव्हां त्या वस्तु श्रीमंतांच्याच होत्या. किंमती खालीं आल्या त्या नंतर. हायफायमॅनचा एचई-४०० एसई हा २०२१ सालीं १४९ डॉलरांस निघाला. आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांस हेंहि थोडें नव्हे, पण पोस्टांतल्या ठेवीच्या व्याजांत बसण्यासारखें आहे.

माझ्याजवळ दोन आहेत. एक हा, आणि दुसरा जपानच्या फोस्टेक्सचा टी-५० आरपी, तिसऱ्या आवृत्तीचा. पहिला पाठीमागून उघडा. जाळीतून आवाज बाहेरहि जातो, म्हणून तो मी दिवसाच वापरतों. दुसरा अर्धवट बंद. त्याच्या वाट्यांना अरुंद फटी तेवढ्या आहेत. या दुसऱ्याची ख्याति वेगळीच आहे. हौशी लोकांनीं जितका हा उघडला तितका दुसरा कोणता उघडला असेल असें वाटत नाहीं. अमेरिकेंतले डॅन क्लार्क यांनीं प्रथम यालाच आंतून सुधारून मॅड डॉग या नांवानें विकलें, आणि त्यांतून पुढें त्यांचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. झेडएमएफ या कारखान्याचा आरंभहि असाच झाला. पडदा मुळांत चांगला, पण त्याच्याभोंवतींची वाटी व कानावरची गादी यांत करण्याजोगें पुष्कळ शिल्लक, अशी ही वस्तु. आणि माझ्या मतें या साऱ्या स्वस्त जातीचें मर्म तेंच आहे. पडद्यापासून कानापर्यंत जी दोन बोटें हवा असते, तिच्यांत निम्मा आवाज घडतो.

आतां शक्तीविषयीं दोन शब्द, कारण येथेंच पुष्कळांची निराशा होते. टी-५० आरपीला एक मिलिवॅट वीज दिली तर ९२ डेसिबल आवाज निघतो. साधे हेडफोन तेवढ्याच विजेंत सहज १०० च्या वर जातात. दहा डेसिबल म्हणजे दसपट शक्ति, हें ध्यानीं घेतलें कीं मोबाइलला नुसता जोडून तो हेडफोन मेंगळट कां वाटतो हें समजेल. एक लहानसा वर्धक मध्यें लागतो. परंतु भारी वर्धक नको. सपाट पडद्याचा विजेस होणारा विरोध खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत जवळजवळ एकसारखा असतो, त्यामुळें वर्धक बदलल्यानें त्याची स्वरांची ठेवण सहसा बदलत नाहीं. त्या पैशांत दोन जोड गाद्या येतील.

तुलनेंत मी प्रथम सपशेल फसलों. वर्धकाची कळ एकाच जागीं ठेवून दोन्ही हेडफोन आळीपाळीनें लावले, आणि उघडा हेडफोन सर्व बाबतींत सरस असा निकाल देऊन मोकळा झालों. चार जणांना तसें सांगितलेंहि. मागाहून कार्डबोर्डच्या तुकड्यास भोंक पाडून त्यांत मोबाइलचें ध्वनिमापक ठेवलें, त्यावर हेडफोन उपडा ठेवून मोजलें, तर उघडा हेडफोन सुमारें दोन डेसिबल मोठा वाजत होता. त्याचा विरोध २५ ओहम आणि दुसऱ्याचा ५०. कळीच्या एकाच जागीं त्याच्याकडे दुप्पट शक्ति जात होती. मोठा आवाज हा कानास नुसता मोठा वाटत नाहीं, भरदार वाटतो. खर्ज अधिक आल्यासारखा वाटतो. १९३३ सालीं फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं हें मोजून प्रसिद्ध केलेलें आहे, आणि मी शास्त्राचा मास्तर असून त्यास बळी पडलों. दोन्ही आवाज सारखे करून पुन्हां ऐकलें. तंबोऱ्याच्या जवारीचा पिसारा उघड्या हेडफोनवर अधिक फुलतो हें खरें ठरलें. पण गाणाऱ्याचा गळा मला दुसऱ्यावरच अधिक जवळचा वाटला, आणि पहिला निकाल मुकाट्यानें मागें घ्यावा लागला.

सुधारणांपैकीं गाद्यांची गोष्ट प्रथम सांगतों. मूळच्या पातळ गाद्या काढून जाड, चामड्यासारख्या आच्छादनाच्या गाद्या बसविल्या तेव्हां कान आंत मोकळा राहिला आणि खर्ज खालपर्यंत उतरला. खर्जाला फट खपत नाहीं. माझ्या चष्म्याची काडी गादीखालून जाते. ती नुसती वर उचलून धरली तर डग्ग्याची घुमक परत येते असें आढळलें. तेव्हांपासून ऐकतांना चष्मा काढून ठेवतों. गाण्यास डोळे लागत नाहींत.

त्यानंतर वाट्यांतील फटी. औषधाच्या दुकानांत जखमेवर लावावयाची कागदी चिकटपट्टी मिळते, ती या कामास फार उत्तम. डाग न ठेवतां निघते आणि थोडी हवा जाऊं देते. फटी उघड्या असतांना डग्गा किंचित् फुगलेला, पूर्ण झांकल्या तर आखडलेला. दोनतृतीयांश झांकल्या तेव्हां मला पटला. परंतु पटला म्हणजे काय? आधींच्या फजितीमुळें मी सावध होतों. सुटींत माझी चौदा वर्षांची नात आली होती, तिला परीक्षक केलें. तिनें माझ्या पाठीशीं उभें राहून पट्टी फटीवर तरी लावावी किंवा बाजूच्या प्लॅस्टिकवर तरी लावावी, म्हणजे हाताच्या चाहुलीवरून मला उमगूं नये. आणि मीं ओळखावें. दहांपैकीं नऊ बरोबर आले.

मग मातीची पाळी. मुलांची खेळण्याची तेलकट माती वाट्यांच्या आंत थापली कीं प्लॅस्टिकची थरथर थांबून आवाज निर्मळ होतो असें म्हणतात, आणि मी तो निर्मळपणा आठवडाभर प्रत्येक पाहुण्यास ऐकवीत होतों. हिची परीक्षा अवघड, कारण माती काढली कीं वजन उतरतें. नातीनेंच तोड काढली: आंतली माती काढली कीं ती तेवढीच वरच्या पट्ट्यावर कापडाखालीं बांधावयाची. रोज सायंकाळीं एक याप्रमाणें दहा परीक्षा झाल्या. पांच बरोबर, पांच चूक. नाणें उडवूनहि इतकेच गुण मिळाले असते. “आजोबा, नापास,” असें म्हणून तिनें वहींत तांबड्या शाईनें लिहिलें, आणि ती माती आतां तिच्या धाकट्या भावाकडे आहे. ३१५ ग्रॅमच्या हेडफोनवर मीं तीस ग्रॅम मातीचें ओझें उगाच मानेवर वागविलें होतें.

कापसाचें म्हणावें तर थोडा कापूस वाटींत सैल पसरल्यानें मागून परतणारा आवाज शोषला जातो व गळ्यावरचा डबडा भाव कमी होतो. अधिक कोंबला तर सारें गाणें रजईखालून येतें.

येथें एक इशारा. मीं जुन्या बाजारांतून शिकाऊपणासाठीं एक तिसरा हेडफोनहि आणला होता. त्याचा पडदा उघडा करून मी लोखंडी पेंचकस हातांत घेऊन वांकलों, आणि चुंबकानें तो पेंचकस माझ्या हातांतून ओढून घेतला. तो पडद्यांतून आरपार गेला. त्या पडद्याची दुरुस्ती होत नाहीं. तेव्हांपासून टेबलावर प्रथम ओलें फडकें फिरवितों, म्हणजे लोखंडाचा कीस राहत नाहीं, आणि पडद्याजवळ लांकडी काडीखेरीज कांहीं नेत नाहीं. शिवाय गादी कानावर एकदम दाबूं नये. कोंडलेली हवा तो पातळ पडदा ताणते.

ज्यांच्याजवळ संगणक आहे त्यांनीं तर पेंचकस हातीं घेण्यापूर्वींच इक्वलायझर एपीओ नांवाचा विनामूल्य प्रोग्रॅम घालून पाहावा. त्यांत हवी ती स्वरपट्टी उतरवितां किंवा चढवितां येते. एखादी पट्टी पांच डेसिबल चढविली तर एकंदर आवाज तितकाच उतरवावा, नाहीं तर मोठ्या जागीं गाणें फाटतें. सपाट पडदा खर्ज चढविला तरी सहसा कुरकुरत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. कापूस आणि पट्ट्या यांनीं चार सायंकाळीं जें साधतें तें येथें चार मिनिटांत साधतें आणि न आवडल्यास चार सेकंदांत पुसतां येतें. तरी मला हातानें करण्यांत गंमत वाटते, ही गोष्ट वेगळी.

या प्रोग्रॅमवरच माझा शेवटचा गर्व उतरला. वरचे स्वर मला मंद वाटत, म्हणून मीं ते चांगले चढवून ठेवले होते. नातीनें हेडफोन लावला आणि लगेच काढला. “सगळे स आणि श टोंचतात” म्हणाली. साठी उलटल्यावर अति उंच कंपनें बहुतेकांच्या कानांत पोंचतच नाहींत. जें हेडफोनमध्यें कमी आहे असें मी समजत होतों तें माझ्या कानांतच कमी होतें, आणि त्याची भरपाई मी हेडफोनकडून करवून घेत होतों. माझ्यासाठीं तें चढविणें चूक आहे असें नाहीं. मात्र त्यावरून हेडफोनला गुण देण्याचा अधिकार माझा नव्हे. तरुण घरांत कोणी असल्यास त्यांचे कान उसने घ्यावे. त्यांनाहि एक सांगावें: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें मोठ्या माणसानें आठवड्यांत ८० डेसिबल आवाज ४० तासांपलीकडे ऐकूं नये, आणि आवाज जसा चढेल तशी ही मुदत झपाट्यानें घटते.

परीक्षेस कोणतें गाणें घ्यावें? अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांच्या तबकड्या मला प्राणाहून प्रिय, पण परीक्षेस निरुपयोगी. अति उंच स्वर त्या यंत्रांनीं पकडलेच नव्हते, आणि उत्तम हेडफोनवर सुईची खरखर मात्र उत्तम ऐकूं येते. मी अलीकडचें नुसत्या तंबोऱ्याचें ध्वनिमुद्रण घेतों. तेंच रोज, तीन वर्षें.

एके दिवशीं दुपारीं पत्नीनें विचारलें, “अहो, एवढें काय ऐकतां त्यांत?” ती लग्नापूर्वीं गात असे, पुढें संसारांत तें राहिलें. मीं हेडफोन तिच्या कानांवर ठेवला, गाद्या सारख्या केल्या, आणि खर्ज कसा खोल आला आहे, जवारी कशी उलगडते, हें ती कांहींतरी बोलेल म्हणून वाट पाहत बसलों. ती डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “पंचमाची तार जरा उतरली आहे.”

मीं पुन्हां लावून पाहिलें. उतरली होती. आतां रात्रीं साडेनऊपर्यंत तो हेडफोन तिच्याकडे असतो, आणि त्यानंतर माझ्याकडे.