दाबाची पायरी आणि वेळेचा तोल



आजचा विषय ऐकावयास रुक्ष आहे, हे आम्हांस मान्य आहे. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात. तेव्हा नमनाला घडाभर तेल न जाळता मुद्द्याकडे वळतो.

अलीकडे गणपतीच्या मखराभोवती रंग बदलत धावणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आपण पाहिल्या असतील. त्यांतील एक फार प्रचलित जात म्हणजे 'डब्ल्यूएस २८१२ बी'. तिच्या प्रत्येक दिव्याच्या पोटात एक चिमुकली चिप असते आणि कोणता रंग दाखवावयाचा हा हुकूम तिला एकाच तारेवरून मिळतो. हुकुमाची लिपी दोनच अक्षरांची. तारेवरचा दाब ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर ते शून्य; ०.८ मायक्रोसेकंद राहिला तर तो एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इकडेतिकडे ०.१५ मायक्रोसेकंदाचा फरक चालतो, त्याहून अधिकाची हमी नाही. म्हणजे येथे अर्थ साठविलेला आहे तो दाब किती होता यात नव्हे, तर तो किती वेळ टिकला यात. हे आपण ध्यानात ठेवावे. पुढचे सारे त्यावरच उभे आहे.

दिवे चालतात ५ व्होल्टवर. त्यांना हुकूम सोडणारा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक मात्र ३.३ व्होल्टवर बोलतो. दिव्याचा नियम असा की, आपल्या दाबाच्या सात-दशांश, म्हणजे ३.५ व्होल्ट, गाठल्याखेरीज संकेत 'वर' गेला असे धरावयाचे नाही. ३.३ तेथे तोकडे पडतात. पुष्कळदा तसेही काम चालते. पण तो दिव्याचा उपकार समजावा, हक्क नव्हे. म्हणून मध्ये एक पायरी बांधावी लागते. तिलाच लेव्हल शिफ्टर म्हणतात.

बाजारात मिळणारी सर्वांत स्वस्त पायरी म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि १० हजार ओहमचे दोन रोध. संकेत खाली आणावयाचा असला की ट्रान्झिस्टर तारेला जोराने खाली ओढतो. पण वर चढविताना शेवटचा चढ एकटा रोधच चढवितो. हौदाला तळाशी भले मोठे भोक असावे आणि भरण्यासाठी मात्र करंगळीएवढी तोटी, तसा हा प्रकार. तारेची धारकता ५० पिकोफॅरड धरली, तर साध्या गणिताने चढ सुमारे ०.३५ मायक्रोसेकंद उशिरा पुरा होतो. उतार जवळजवळ तत्काळ होतो. परिणाम काय? ०.८ चा 'एक' ०.४५ चा होतो, म्हणजे शून्याच्या मापात जाऊन बसतो, आणि ०.४ चे शून्य तर उरतच नाही. हिरव्याच्या जागी भलताच रंग दिसतो आणि करणारा विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधीत रात्र घालवितो. बिचाऱ्या प्रोग्रॅमचा काही दोष नसतो.

उशीर हा येथे अपराधी नाही, हे आपण पाहावे. चढ आणि उतार दोन्ही सारखेच उशिरा झाले असते, तर सगळा हुकूम थोडा मागाहून पोचला असता, पण अक्षर न अक्षर शाबूत पोचले असते. घात करतो तो उशिरातला फरक. याच कामाला '७४ एएचसीटी १२५' ही चिप लावली तर ती २ व्होल्टच्या वरचा संकेत 'वर' मानते आणि चढाला एक, उताराला एक असे दोन स्वतंत्र ट्रान्झिस्टर राबविते. फरक मग काही नॅनोसेकंदांवर येतो. दिव्याला त्याची दादही लागत नाही.

चिपच्या पोटातली पायरी याहून चतुर असते, पण खोड तीच. तेथे दोन शाखा समोरासमोर उभ्या असतात. प्रत्येकीला खाली ओढणारा ट्रान्झिस्टर थेट संकेताच्या हुकमतीत. वर चढविणारा ट्रान्झिस्टर मात्र दुसऱ्या शाखेच्या तोंडाकडे पाहणारा. एक शाखा उतरल्यावाचून दुसरी चढावयास लागतच नाही. साहजिकच उतार आधी, चढ मागून. येथे दोन उपाय सुचतात. पहिला, उताराच्या वाटेत मुद्दाम अडथळा घालून त्याला चढाइतके मंद करावयाचे. कागदावर तोल साधतो. पण चिप तापली किंवा पुरवठ्याचा दाब हलला की, दोन निराळ्या कारणांनी झालेले उशीर निराळ्या प्रमाणात बदलतात आणि तोल पुन्हा जातो. दुसरा उपाय असा की, संकेत कोणत्याही बाजूला पालटला तरी दोहोंपैकी एक शाखा उतरतेच. तेव्हा एकीच्या उताराने शेवटचा संकेत वर न्यावयाचा, दुसरीच्या उताराने खाली आणावयाचा. चढाची वाटच पाहावयाची नाही. ट्रान्झिस्टर अधिक लागतात, पण दोन्ही हालचालींचा जन्म एकाच जातीच्या घटनेतून होतो. आमचे मत निःसंशय या दुसऱ्या उपायाच्या बाजूचे आहे.

मात्र पहिला उपाय सर्वत्र त्याज्य आहे असेही नाही. मोटार चालविणाऱ्या यंत्रणेत दोन स्विच एकावर एक बसविलेले असतात. वरचा बंद होण्याआधी खालचा सुरू झाला, तर पुरवठ्याची दोन टोके सरळ एकमेकांना भिडतात आणि स्विच क्षणात जळतात. तेथे रंग चुकण्यावर भागत नाही. अशा स्विचांना हुकूम देणारी इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीने काढलेली 'आयआर २११०' ही चिप घ्या. वरच्या स्विचचा हुकूम तिला ५०० व्होल्टपर्यंतच्या उंचीवर चढवावा लागतो. खालच्याचा जमिनीवरच राहतो. तरीही खालच्या हुकमाला चिपमध्ये हेतुपुरस्सर थांबवून धरतात आणि दोन्ही वाटांतला फरक १० नॅनोसेकंदांच्या आत ठेवतात. शिवाय सुरू करण्यास साधारणतः १२० नॅनोसेकंद आणि बंद करण्यास ९४, अशी विषमता तिच्यात आहे. ही विषमता हिताची आहे. बंद होणारा आधी बंद होतो, सुरू होणारा २६ नॅनोसेकंद मागाहून येतो. स्विच स्वतः बंद होण्यास याहून अधिक वेळ घेत असेल, तर उरलेले अंतर हुकूम देणाऱ्यानेच राखावयाचे असते.