थीम पार्कचा दिवस आणि दुपारचा खेळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी निम्म्या घरांतली तरी मुलेबाळे आता परदेशी आहेत. आपण तिकडे गेलो की नातवंडांच्या हौसेखातर एखाद्या थीम पार्कची वारी घडतेच. या वारीत आजीआजोबांच्या वाट्याला काय येते, ते आपल्याला ठाऊक आहे. एक बाक, सगळ्यांच्या पिशव्या आणि “तुम्ही इथेच थांबा हं!” सगळे घर मिळून एकाच गोष्टीला बसले आहे असा तास त्या दिवसात क्वचितच मिळतो. तो तास कसा काढता येतो, एवढेच मी सांगणार आहे.

२०२३ च्या जुलैमध्ये आम्ही फ्लोरिडात लेकीकडे होतो. ऑर्लँडोजवळ डिस्नेचे ‘ॲनिमल किंग्डम’ आहे. ते १९९८ साली उघडले. विस्तार पाचशे एकरांच्या वर, त्यामुळे पायपीट पुष्कळ. बरोबर लेक, जावई, बारा वर्षांची नात, पाच वर्षांचा नातू आणि आमचे यजमान. यजमानांचे हृदयाचे दुखणे होऊन वर्षही झाले नव्हते. भर उन्हात त्यांना हिंडवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. जुलैत तिथे पारा ३३ अंशांवर जातो, हवा कोकणासारखी दमट, आणि बहुतेक दिवशी दुपारनंतर गडगडाटासह पाऊस. वीज जवळ आली की उघड्यावरचे पाळणे बंद ठेवतात. छपराखालच्या खेळाला त्याची फिकीर नसते.

असा खेळ तिथे आहे, ‘फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग’. १९९४ च्या चित्रपटातल्या गाण्यांवर तो बसवला आहे. अवधी अर्ध्या तासाचा, आणि त्याला वेगळे तिकीट पडत नाही. २०१४ सालापासून तो पार्काच्या आफ्रिका विभागात, हारांबे नावाच्या कल्पित गावातल्या बंदिस्त नाट्यगृहात होतो. ‘हारांबे’ हा स्वाहिली शब्द आहे. सगळ्यांनी मिळून ओढू या, असा त्याचा भाव. केनियाचे ते ब्रीदवाक्यच आहे. आपल्या मंडळालाही शोभले असते!

आता मुद्द्याचे. पाळणा दिवसभर फिरत असतो, केव्हाही गेले तरी चालते. खेळाची वेळ मात्र ठरलेली. लग्नात आधी मुहूर्त धरतात आणि मग पंगती बसवतात, तसे आधी खेळाची वेळ धरावी आणि बाकीचा दिवस तिच्या दोन्ही बाजूंना बसवावा. लेकीने आदल्या रात्री फोनवर त्या दिवसाच्या वेळा पाहून ठेवल्या.

सकाळचा खेळ आम्ही घेतला नाही. सकाळी ऊन कोवळे असते, रांगा आखूड असतात, आणि उघड्या मोटारीतून जनावरे दाखवतात तेव्हा ती जागी असतात. ती वेळ छपराखाली घालवणे म्हणजे ताजे दूध विरजणाला लावण्यासारखे. शेवटचाही नको. तोवर लहान मूल पेंगते, आणि चुकला तर पुढचा नाही. म्हणून दोनच्या सुमाराचा धरला.

जावईबापूंना हे पटेना. “आई, अर्ध्या तासाचा खेळ, त्याआधी अर्धा तास रांग, शिवाय येणे-जाणे. दोन पाळणे बुडाले!”

मी विचारले, “ते दोन पाळणे कोणाचे?”

त्यांनी हिशेब केला. एव्हरेस्टच्या नावाचा तिथला रोलर कोस्टर आणि पँडोरातले ते प्रसिद्ध उड्डाण, दोन्हींना उंची ४४ इंच लागते, म्हणजे ३ फूट ८ इंच. नातू त्यात बसत नव्हता, यजमानांना मनाई, माझे गुडघे. म्हणजे सहांपैकी तिघे बाकावर! शिवाय ऐन दुपारी त्या रांगा तासाच्या वर जातात. तेव्हा ते दोन्ही सकाळी आणि संध्याकाळी करायचे ठरले. आधी बाप लेकीबरोबर जातो, आई लहानग्याजवळ थांबते, आणि मग आईला पुन्हा पूर्ण रांग न लावता सोडतात, अशी सोय तिथे आहे. ती दारावरच्या माणसाला विचारून घ्यावी.

जेवण आम्ही अकरालाच उरकले. घरचे खाणे आत नेऊ देतात, काचेची बाटली मात्र नको. मी दशम्या आणि लसणीची चटणी नेली होती. खाण्याच्या दुकानांतून बर्फाचे पाणी मागितले की फुकट देतात. बारानंतर त्याच दुकानांपुढे लोक उन्हात ताटकळताना पाहिले.

खेळाच्या अर्धा तास आधी दाराशी पोचलो. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते, म्हणून पैसे व औषधे अंगाबरोबर असावीत. चाकाच्या खुर्चीला आत जागा आहे. रंगमंच मध्यभागी आणि चारी बाजूंना प्रेक्षक: सिंह, हत्ती, जिराफ आणि रानडुक्कर. ज्याने त्याने आपल्या जनावराचा आवाज काढायचा. आम्ही पडलो हत्तीत, आणि आमचे यजमान, जे घरी नातवंडांसमोर कधी मोठ्याने हसत नाहीत, ते चक्क चीत्कारले! नात आधी लाजली, मग तीही. माकडांचे सोंग घेतलेले कसरतपटू, आगीशी खेळणारा एक, आणि पक्षी होऊन हवेत उचलली जाणारी नर्तकी, हे सारे सर्कशीसारखे डोळ्यांसमोर घडत होते. शेवटी पुढच्या रांगांतल्या मुलांना खुळखुळे देऊन मिरवणुकीत घेतात. म्हणून लहान मूल असेल तर खाली बसावे, अगदी वरच्या पायऱ्या टाळाव्यात.

दोन सूचना. बाकांना पाठ नाही, तेव्हा कंबरेचे दुखणे असेल त्यांनी मनाची तयारी ठेवावी. आणि घामेजल्या अंगाने वातानुकूलित जागेत शिरताच हुडहुडी भरते, म्हणून एक पातळ शाल पिशवीत असू द्यावी. आवाज मोठा असतो. तान्हे मूल दचकेल.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस कोसळून गेला होता, रस्ते निवले होते. यजमानांची नाडी पाहिली, ठीक होती. बाप आणि लेक एव्हरेस्टकडे धावले. आम्ही उरलेले चौघे आनंदपूरला, म्हणजे तिथल्या कल्पित आशियाई गावात, वाघ पाहायला गेलो.

दिवसाच्या वेळा लिहिलेली माझी वही मी बरोबर आणली आहे. ज्यांना येत्या उन्हाळ्यात जायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. खेळांच्या वेळा बदलतात, त्या मात्र आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्याव्यात.